आधणाआधीची मूठ

दिवाळीच्या खर्चाची यादी आणि आमच्या ह्यांचा पगार यांची पत्रिका आजवर कधी जुळलेली नाही. रवा, बेसन, तूप, धाकटीचा फ्रॉक, कामवालीची पोस्त! यादी लांबते आणि पगार आपला तेवढाच राहतो. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर, दोन वर्षांमागे, मुलुंडच्या आमच्या इमारतीतली तरुण मंडळी दारात उभी राहिली.

"काकू, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही गरजूंसाठी धान्य गोळा करणार आहोत. जमेल तेवढं द्या."

"अरे, शेवटच्या रविवारी आमच्याच डब्यांचे तळ दिसतात!" मी हसून म्हटले, पण मनात ओशाळले.

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली 'रोटी बँक' काढली, हे मी वाचले होते. लग्नकार्यात उरलेले चांगले अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवायचे. कल्पना नामी खरी. पण आमच्या घरात उरते काय? रात्रीची पोळी सकाळी फोडणीला पडते!

मुले गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उरलेलं कुणी मागितलंय तुला? आमची आई जात्यात पहिली वैरण घालायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची. अण्णांच्या बोर्डिंगासाठी."

सासूबाई साताऱ्याकडच्या, आता नव्वदीकडे झुकलेल्या. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मागे ठेवले नाही. आणि घरोघरच्या बायांनी दिली ती मूठ. त्यालाच 'मुष्टिफंड' म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून भाताचे आधण ठेवण्याआधी मी एक मूठ तांदूळ जुन्या डालड्याच्या डब्यात टाकू लागले. घरात कुणाला घास कमी पडला नाही. महिनाअखेर वाण्याकडे वजन केले, तर सव्वा किलो! अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. म्हणजे आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी मुठी काढल्या, तर शिधापत्रिकेत नाव नसलेल्या एका माणसाला तेवढेच धान्य मिळेल. हिशेब ऐकून शेजारणींनीही डबे मांडले.

पण भगिनींनो, खरी परीक्षा जूनमध्ये झाली. शाळेची फी, वह्या, छत्र्या, आणि त्यातच ह्यांचा पगार लांबला. मुठी केव्हाच थांबल्या होत्या. शेवटच्या शनिवारी मी फळीवरचा टोके पडलेला तांदूळ काढला आणि गुपचूप डब्यात ओतला. सासूबाईंनी डब्यात हात घातला.

"हा आज रात्री आपल्याला शिजवशील?"

मी गप्प.

"मग अर्धी मूठ दे, पण आपल्या पातेल्यातली दे."

त्या रविवारी मी जेमतेम अर्धा किलो तांदूळ दिला. माझी मान खाली होती. पण मुलाने वहीत आमचे नाव इतरांसारखेच लिहिले आणि "येतो काकू" म्हणून पुढच्या दाराकडे वळला. कमी दिल्याची लाज माझी मलाच वाटत होती, त्याला तिचा पत्ताही नव्हता! टोके पडलेला तांदूळ मी निवडून, गॅलरीत ऊन देऊन घरातच संपवला.

या दिवाळीत चकलीची भाजणी अर्धा किलो कमी केली आहे आणि डब्यात रोजची मूठ पडते आहे. आता ते काम धाकटीकडे आहे. तिची मूठ इवलीशी. परवा मी वरून चार दाणे टाकायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे. तिची मूठ तेवढीच आहे."