व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर

लोणावळ्याच्या पावसात चामड्याच्या चपलांना बुरशी येते. घरातला ॲम्प्लिफायर तरी कोरडा कसा राहील? बंद बंगला दिवाळीत उघडला, गाणं लावलं, आवाज वाढवताना खर्रर्र झालं, तर स्पीकरला दोष देण्याची घाई करू नये.

आधी गाणं थांबवून बटण सावकाश फिरवा. फिरवतानाच खरखर होत असेल, तर दोष बहुधा बटणामागच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागात आहे. त्यात कार्बनची नालेच्या आकाराची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक पाती घासत जाते. मध्ये धूळ किंवा गंज आला की संपर्क तुटतो, जुळतो. तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. बटण कुठेही न अडता गोल गोल फिरत असेल, तर तो प्रकार वेगळा. तिथे ही पट्टी नसते.

प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. वॉल्व्हचा जुना रेडिओ मात्र घरी उघडूच नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात.

झाकण काढल्यावर पॉटच्या पायांजवळ बारीक फट दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी तिथे लावून एकच छोटा फवारा मारा. दांड्याच्या बाजूने मारला, तर तिथलं ग्रीस विरघळून नेमकं पट्टीवर उतरतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: हाताशी असलेलं शिलाई मशीनचं तेल सोडलं जातं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसते. पॉटसाठीचा, किंचित वंगण मागे ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच घ्या.

आता बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. खरी सफाई पातीच्या घासण्याने होते. फवारा ज्वलनशील असू शकतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत वीज लावू नका. आपल्या दमट हवेत जरा जास्तच थांबा.

तरीही खरखर राहिली, तर पट्टी बहुधा झिजली आहे. जुना पॉट सोबत घेऊन लोकलने पुणे गाठा; बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तसाच पॉट शोधता येईल. त्यावरची अक्षरं नीट वाचा. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ‘ए५०के’ म्हणजे आवाजासाठीचा, ‘बी५०के’ म्हणजे सरळ चढणारा. ‘बी’ बसवला, तर बटण जरासं फिरवताच आवाज अंगावर येतो आणि पुढे फारसा वाढत नाही. स्टीरिओला सहा पायांचा जोडपॉट लागतो.

नवा पॉटही खरखरला, तर त्याच्या आधीचा कपॅसिटर गळतो आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.