शाळूची भाकरी आणि तीन पिढ्या

दिवाळी आली की उंब्रजसारख्या गावात घरे पुन्हा भरतात. पुण्यामुंबईस नोकरीला गेलेले मुलगे, सुना, नातवंडे चार दिवस गावी येतात. आजोबा ओसरीवर बसून आभाळ न्याहाळतात, वडील उसाच्या पहिल्या उचलीचा हिशेब मांडतात आणि नातू मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतो. एरवी तिघांच्या बोलण्याचा मेळ बसत नाही. पण पाऊसपाण्याचा विषय निघाला, की तिघेही कान टवकारतात. तेव्हा यंदा फराळाच्या ताटावर हाच विषय मुद्दाम काढावा, असे वाचकांस सुचवावेसे वाटते.

उंब्रज हे कऱ्हाड तालुक्यातले, पुणे-बंगळूर रस्त्यावरचे गाव. येथे तारळी कृष्णेला मिळते. पश्चिमेस पाटणचे डोंगर, तर पूर्वेस खटाव-माणचा कोरडा मुलूख. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो आणि माणात जेमतेम पाचशे! उंब्रजकर या दोहोंच्या मधे बसलेले. म्हणून जास्ती पाऊस आणि कमी पाऊस, दोन्हींची झळ त्यांना ओळखीची आहे.

आजोबांचा हिशेब नक्षत्रांचा. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागायचा, त्याआधी नांगरट-कुळवट उरकायची, पाऊस झाला की वापसा पाहून पेरायचे. आता मृग पंचांगात वेळेवर येतो, पाऊस मात्र पंचांग वाचीत नाही. 2025 साली तो 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. रोहिणीतच रान चिंब झाले. मशागत करायची केव्हा आणि वापसा यायचा केव्हा?

नातू याचे कारण सांगू शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी दूरवर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे आढळले. अरबी समुद्र तापला आहे, वाफ अधिक उठते आणि ती थोड्या दिवसांत एकदम रिती होते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडींनी घरे गाडली. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तेथे धोक्याची पातळी 45 फुटांची!

पण नातवाला जे ठाऊक नाही, ते आजोबांना ठाऊक आहे. 1972 चा दुष्काळ त्यांनी सोसला आहे. रेशनवर आलेली परदेशची तांबडी मिलो, कामावर मिळणारी सुकडी, उन्हातान्हात फोडलेली खडी, हे सारे त्यांना तोंडपाठ. त्या दिवसांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली. तिचे जनक वि. स. पागे हे शेजारच्या सांगली जिल्ह्याचेच; पुढे 1977 साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. त्या वेळी ऐन विशीत असलेली माणसे आज सत्तरीपलीकडे आहेत. विचारायचे ते आताच विचारले पाहिजे.

काय विचारायचे? एक तर शाळूचे. रब्बीचा शाळू जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतो. माणसाला भाकरी आणि गुरांना कडबा देतो. 1964 नंतर हायब्रीड आली. तिने पोती भरली, पण पावसात सापडली की तिचे दाणे काळे पडत. पाठोपाठ पाणी आले, आणि वडिलांच्या पिढीने ऊस लावला. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मुलांची शिक्षणे त्याच उसावर झाली. परंतु ऊस बारा ते अठरा महिने रान अडवून बसतो, आणि मळ्याचा धनी भाकरीसाठी ज्वारी विकत आणतो, हेही खरेच.

दुसरे पेवाचे. जमिनीत खोल पेव खणायचे, काड अंथरून धान्य भरायचे, तोंड लिंपून बंद करायचे. आतल्या कोंदट हवेत किडा जगत नाही. माणूसही गुदमरतो, म्हणून उघडल्यावर आधी दिवा सोडून पाहायचा. आजोबांची ही विद्या पक्की. पण महापुरापुढे तीही पुरी पडत नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे प्रसिद्ध. 2005 च्या पुराचे पाणी त्यांत शिरले. साठवण करावी हे आजोबांनी सांगावे. कोठे करावी हे नातवाने पुराच्या नकाशावर दाखवावे.

असे एकत्र बसून काय साधते, याचा दाखला दूर नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण आहे. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि गावचे शेतकरी यांनी मिळून बळवडी व तांदूळवाडीच्या लोकांसाठी ते घडवून आणले. नदीची वाळू विकून पैसा जमवला. पाणी घरटी सारखे, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही, असे ठरले. शहर पाहून आलेला आणि मातीत राबलेला, दोघांनी एकमेकांचे ऐकले म्हणून हे झाले.

उंब्रजच्या घराघरांत एवढे तरी करता येईल. नातवाने एक वही घालावी. आजोबांना आठवतील ती दुष्काळाची, पुराची वर्षे आणि त्या त्या वर्षी तगलेली पिके तीत लिहावीत. पुढच्या पानांवर रोजचा पाऊस मोजून मांडावा. वडिलांनी दहा गुंठे का होईना, घरच्या बियाण्याच्या शाळूला राखावेत. आणि अशा दहावीस वह्या जमल्या की त्या ग्रामसभेत ठेवाव्यात. नोकरीसाठी पोर पुन्हा पुण्याला जाईल, जाऊ द्या. पण बियाणे कोणत्या गाडग्यात, राख घालून ठेवले आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.