बांध खचला की घर खचते



विहीर आटली की पाण्याबरोबर घरातले आणखी काय आटते, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

बीदरच्या पठारावर वर जांभा दगड व खाली काळा खडक आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून मुरते व खाली साठते. हे ओळखूनच १५व्या शतकात, बहामनी राजवटीत, बीदरजवळ नौबादला भुयारी पाणीमार्ग खोदला गेला. थोडक्यात, पाणी मुरवले तरच मिळते.

उतारावरची झाडे तुटली, बांध मोडले, की पाऊस मुरत नाही. तो पळतो व वरची कसदार माती घेऊन जातो. पीक घटते. मग कर्ज काढून बोअर पाडावे लागते. ते कोरडे निघाले तरी कर्ज फेडावेच लागते. कर्ता माणूस हैदराबाद-मुंबईची वाट धरतो. घागर मुलीच्या डोक्यावर येते व तिची शाळा बुडते.

आरोग्याचेही तसेच. काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. शहराकडे गाडी आली; वाडी-तांड्याकडे कोण आणणार?

उपाय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पाऊस कमीच. तेथे १९८९ नंतर गावाने समतल चर व बांध घातले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली, शेतीसाठी बोअर पाडू दिले नाही. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली.

आपण एवढे करावे :

१. मृगापूर्वी बांध दुरुस्त करून त्यावर गवत लावावे.
२. नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी.
३. तुरीत मूग-उडदाचे आंतरपीक घ्यावे. जमीन झाकलेली राहते.
४. कोरड्या बोअरभोवती शोषखड्डा करून पाणी गाळून मुरवावे.
५. पिण्याचे पाणी दरवर्षी तपासून घ्यावे.

एकट्याचा बांध शेजाऱ्याच्या पाण्याने फुटतो. म्हणून हे काम शिवार धरून, सर्वांनी मिळून करावे.