मोटारीची पाठवणी

माणूस परगावी पाठवायचा तर तिकीट काढून त्याला गाडीत बसवून दिले की झाले. मोटार पाठवणे हे केवढे प्रकरण असते, ते आम्हांला गेल्या उन्हाळ्यात कळले.

वडिलांच्या माघारी त्यांची छोटी मोटार दादरला आमच्या इमारतीखाली धूळ खात उभी होती. मुलगी बंगळूरला नोकरीला. "बाबा, आजोबांची गाडी मला पाठवा," असा तिचा हट्ट. फाइव्ह गार्डनच्या रस्त्यांवर आजोबांनीच तिला या गाडीवर चालवायला शिकवले होते. बाजारात त्या मोटारीला फारशी किंमत नव्हती. आमच्या घरात तिची किंमतच होत नव्हती. जवळजवळ हजार किलोमीटर चालवत न्यावी, तर रात्रीचे माझे डोळे दगा देतात. आणि परक्या माणसाच्या हाती चाक द्यायला सौभाग्यवतींचा सक्त विरोध.

तेव्हा इंटरनेटवर चौकशी केली. एका ठिकाणी नाव आणि नंबर दिला मात्र, तासाभरात सात-आठ जणांचे फोन! प्रत्येकाचा भाव निराळा, आवाज मात्र सारखाच गोड. सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्याला मी होकार देणार, तोच परळहून मेहुणा आला.

"भाऊजी, जरा थांबा. माझं काय झालं ते आधी ऐका."

आदल्या वर्षी त्याने अशाच एका मध्यस्थामार्फत मोटार नागपूरला पाठवली होती. पैसे घेतले एकाने, किल्ली नेली दुसऱ्याने आणि ट्रेलर होता तिसऱ्याचाच. मोटार वाटेत कुठल्याशा आवारात बारा दिवस पडून राहिली आणि हाती आली ती आरसा फुटलेली. मध्यस्थ म्हणे, ट्रेलरवाल्याला विचारा. ट्रेलरवाला म्हणे, मी तुम्हांला ओळखत नाही. मेहुण्याजवळ पुरावा म्हणून होता तो मोबाइलवरचा दोन ओळींचा निरोप!

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरगावात मामांकडे गेलो. मामांचे सारे आयुष्य मालवाहतुकीच्या पेढीत गेलेले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, "बिल्टी कोण फाडणार?"

बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती. १८६५ चा जुना कायदा जाऊन रस्त्यावरील मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे असा धंदा करणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. माल बुक करणारे एजंट आणि दलाल यांनाही या कायद्याने वाहतूकदारांतच धरले आहे. "पण कायदा धरायला तयार असला, तरी तुमच्या हातात त्याच्या नावाचा कागद नको का?" मामा म्हणाले.

पुढे त्यांनी सांगितले ते ऐकून मी चाटच पडलो. मालाचे नुकसान झाले, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. जादा जोखमीचा दर आधी ठरवून घेतला असेल, तरच ती वाढते. समजा, भाडे १५ हजार रुपये, तर भरपाई फार तर दीड लाख. मग मोटार ६ लाखांची का असेना! म्हणून प्रवासापुरता वेगळा विमा उतरवावा. आणि दावा लावायचा झाला, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.

"कोकण रेल्वेचंच बघा ना," मामा म्हणाले. १९९९ पासून ती भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने कोलाड ते वेर्णा अशी खासगी मोटारींचीही सोय केली. एका खेपेला ४० मोटारी आणि मोटारीमागे ७,८७५ रुपये भाडे. "तिथं पैसे घेणारा आणि गाडी नेणारा एकच. रस्त्यानं पाठवतानाही तसाच माणूस गाठा."

आम्ही वडाळ्याला जाऊन स्वतःचे ट्रेलर असलेला एक वाहतूकदार गाठला. नोंदणीचा दाखला पाहिला. भाव स्वस्तवाल्यापेक्षा चार हजारांनी जास्त होता. माझा जीव थोडा खालीवर झाला, पण मेहुण्याचा आरसा आठवला. मोटारीतले सामान काढले, पेट्रोल थोडेच ठेवले, चारी बाजूंनी फोटो घेतले. नोंदणीपुस्तक, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती दिल्या; मूळ कागद मुलीकडे कुरिअरने रवाना केले. मोटार परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर तिथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा अर्जही केला.

मोटार न्यायला आलेला कारकून तिच्याभोवती फिरून एकेक ओरखडा कागदावर टिपत होता. डाव्या मागच्या दारापाशी तो थांबला. मुलगी शिकत असताना गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती, त्याची ती खूण. वडिलांनी ती कधी दुरुस्त करू दिली नाही. कारकुनाने लिहिले, 'जुना पोचा'. खाली त्याची सही झाली, माझी झाली आणि बिल्टी माझ्या हातात आली. मोटार कोपऱ्यावर वळेपर्यंत सौभाग्यवती गॅलरीतून हलल्या नाहीत.

सातव्या दिवशी बंगळूरहून फोन आला. मुलीने तो कागद हातात घेऊन मोटार ओळीने तपासली होती आणि मगच पोच दिली होती.

"सगळं ठीक ना?" मी विचारले.

"हो बाबा," ती म्हणाली. क्षणभर थांबली. "आजोबांनी ठेवलेला पोचासुद्धा तसाच आहे."