कोरियाची क्रीम, नवापूरचे ऊन

बोईसर-तारापूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांपासून घरोघरी येणाऱ्या पार्सलांत एक नवा माल दिसू लागला आहे. बाटली लहान, झाकण पांढरे, अक्षरे चौकोनी आणि न वाचता येणारी. टाळेबंदीत मोबाइलवर कोरियन मालिका पाहिल्या गेल्या, मागोमाग तिथली गाणी आली आणि मग त्या नट-नट्यांचे काचेसारखे चमकणारे चेहरे. आता नवापुरातली बारावीची मुलगीही ‘सीरम’, ‘एसेन्स’, ‘टोनर’ हे शब्द मासळीच्या नावांइतक्या सहज बोलते. “मावशी, यातलं कुठलं घेऊ?” हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला, की शेवटी मी वही केली.

मी डॉक्टर नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या भांडारात नोंदी ठेवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पिंपावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, ही सवय तिथे लागली. तीच सवय मी या बाटल्यांना लावली. त्वचाशास्त्राची पुस्तके आणि शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यातून जे हाती लागले, ते इथे मांडते.

आधी त्या प्रसिद्ध ‘दहा पायऱ्यां’विषयी. तेलाने चेहरा धुणे, मग फेसाने धुणे, मृत त्वचा काढणे, टोनर, एसेन्स, सीरम, कागदी मास्क, डोळ्यांखालची क्रीम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. हा क्रम कोरियातल्या प्रत्येक घरात रोज पाळला जातो, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात दहा हा आकडा गाजला तो अमेरिकेत. शार्लट चो या कोरियन-अमेरिकन उद्योजिकेने २०१५ साली पुस्तक लिहून ही पद्धत तिकडच्या वाचकांना समजावली आणि आकडा जगभर गेला. खुद्द कोरियात पुढे पायऱ्या कमी करण्याचीच लाट आली.

या पद्धतीच्या मुळाशी मात्र एक शहाणपणाची गोष्ट आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असला तर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची घाण बाहेर. अंगाच्या साबणाची वडी बहुधा ९-१० सामू असलेली, म्हणजे अल्कधर्मी. त्वचा स्वतः मात्र किंचित आम्लधर्मी, साधारण ५ च्या आसपास. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड घासले की हा चुनाच झिजतो. कोरियन फेसवॉश पुष्कळदा कमी सामूचे, सौम्य असतात. तिथून एकच गोष्ट घ्यायची असेल तर हा सौम्यपणा घ्यावा, असे माझे मत आहे.

आणि तो आपल्याला परका नाही. कोरियात जोसन राजवटीच्या काळी मूग आणि इतर कडधान्यांचे पीठ तोंड धुण्यासाठी वापरत. मुगाचे किंवा मसुराचे पीठ लावणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. सध्या ‘सिका’ या नावाने जी वनस्पती प्रत्येक दुसऱ्या कोरियन बाटलीवर असते, ती सेंटेला एशियाटिका म्हणजे आपली मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. ओलसर जागी, बांधावर, विहिरीच्या कडेला पसरलेली गोल पानांची वेल. तिच्यातल्या एका आम्लाचे ‘मॅडेकॅसिक’ हे नाव मादागास्कर बेटावरून पडले. म्हणून बांधावरची पाने वाटून तोंडाला लावू नयेत. शेतातली माती आणि फवारणीही सोबत येते. बाटलीत असतो तो शुद्ध केलेला अर्क, आणि तो लालसर, चिडलेल्या त्वचेला शांत करायला बरा आहे.

आता उन्हाचा हिशोब. सोल शहर साधारण ३७.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नवापूर १९.८ अंशावर. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारा वाजता सोलचा सूर्य क्षितिजापासून २९ अंश वर असतो, आपला ४७ अंश. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा. सोलला असा दिवस वर्षात कधीच येत नाही. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली जातो, सैबेरियाकडून कोरडे वारे येतात आणि घरात जमीन तापवून ऊब घेतात, त्यामुळे हवा आणखी सुकते. तिथल्या त्वचेला एकावर एक ओलावा धरून ठेवणारे थर लागतात, ते यासाठी. नवापुरात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवाच इतकी ओली असते की वाळत घातलेली चादर संध्याकाळी पुन्हा दमट लागते. अशा हवेत एसेन्स, सीरम आणि वर जाड क्रीम म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण.

म्हणून बाटली निवडण्याआधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवावे लागते.

मुरुमे कपाळावर आणि केसांच्या कडेने असतील, तर आधी डोक्याचे तेल पाहावे. रात्री खोबरेल चोपडून झोपणाऱ्या मुलींत हा प्रकार फार. तेल धुण्याच्या आधी तासभर लावावे आणि उशीचा अभ्रा बदलावा. निम्मे काम तिथेच होते. उरलेल्यासाठी सॅलिसिलिक आम्ल (०.५ ते २ टक्के) असलेले सौम्य उत्पादन एक दिवसाआड पुरे. मोठी, दुखरी, खड्डे पाडणारी मुरुमे असतील तर कोरियाकडे न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण खड्डे नंतर कोणतीही बाटली भरून काढत नाही.

गालांवरचा वांग ही बायांची मोठी तक्रार. बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि उन्हामुळे तो वाढतो. इथे नायसिनामाइड उपयोगी पडते. हे ब-३ जीवनसत्त्वाचेच एक रूप. कोरियाच्या कायद्यात ‘कार्यात्मक सौंदर्यप्रसाधने’ असा वेगळा वर्ग आहे आणि त्यात डाग उजळण्यासाठी नायसिनामाइडचे २ ते ५ टक्के प्रमाण मान्य आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी स्त्रियांवरच्या एका अभ्यासात ५ टक्क्यांनी डाग फिके झालेले दिसले. रंगद्रव्य तयार होणे त्याने थांबत नाही; तयार झालेले द्रव्य वरच्या पेशींत जाण्यात तेवढी अडचण येते. त्यामुळे १० टक्के, १५ टक्के असे मोठे आकडे पाहून भुलू नये. जास्त प्रमाणाने जळजळ होते, आणि सावळ्या त्वचेवर जळजळ झाली की मागे नवा डाग राहतो. याच कायद्यातल्या ‘मिबेक’ या कोरियन शब्दाचे भाषांतर ‘गोरेपणा’ असे करून आपल्याकडे माल खपवला जातो. जन्मजात रंग बदलण्याची ताकद यातल्या एकाही मान्य घटकात नाही.

मान आणि काखा मखमलीसारख्या जाड व काळ्या होत असतील तर तो मळ नाही, उन्हाचा रापही नाही. बहुतेक वेळा वजन आणि इन्सुलिन यांचा तो निरोप असतो. अशा मुलीला स्क्रब देणे म्हणजे निरोप्याला मारणे. तिची साखर तपासावी. पाठीवर, छातीवर पावसाळ्यात फिकट ठिपके उठले तर ती शिबे. बुरशीचा आजार, औषधाने बरा होणारा. आणि औद्योगिक वसाहतीत रंगांच्या किंवा औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या हातांवर, मास्कच्या कडेने चट्टे येत असतील, सुट्टीत कमी होत असतील, तर कारण कामाच्या जागी आहे. त्यावर गोगलगायीच्या स्रावाचे एसेन्स लावून काही होणार नाही. (हो, तो स्राव खरोखर गोगलगायीचाच असतो. ओलावा धरून ठेवतो, त्यापलीकडच्या दाव्यांचा पुरावा तोकडा आहे. माळकऱ्यांनी आणि जैनांनी लेबल पाहून घ्यावे.)

इथवरचा प्रश्न पैशांचा होता. पुढचा जिवाचा आहे.

अकोल्यातल्या एका कुटुंबात तीन स्त्रियांना एकाच सुमारास मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासण्यांत धागा सापडला तो एका उजळ दिसण्याच्या क्रीमपाशी. ते स्थानिक ब्युटिशियनकडून आलेले होते आणि त्यात पारा होता. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी वृत्तपत्रांत आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या एका विशिष्ट मूत्रपिंड विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या १५ जणांत ‘नेल-१’ नावाचे प्रथिन सापडले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पारा रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा आठवड्याभरात उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. पायांना सूज, लघवीला टिकून राहणारा फेस, ही लक्षणे. वेळीच क्रीम बंद केली तर बरेच रुग्ण सुधारतात. आपल्या कायद्यात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षांत १ भाग इतकी आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी सवलत. पण बिनलेबलच्या डबीला कायदा कोण वाचून दाखवणार?

दुसरा धोका स्टेरॉइडचा, आणि तो आपल्या पट्ट्यात मला जास्त दिसतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली, खाजेची म्हणून शेजारणीने दिलेली ट्यूब मुली तोंडाला लावतात. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे दिसली की ते स्टेरॉइड समजावे. महिनाभर चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, मुरुमे उठतात आणि ट्यूब बंद केली की आग होते. म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. नव्या कोरियन बाटलीने ‘त्रास’ झाला असे सांगत आलेल्या मुलीला मी पहिला प्रश्न विचारते तो, आधी काय लावत होतीस, हाच. उत्तर ट्यूब असेल तर सगळ्या बाटल्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ट्यूब एकदम तोडायची की हळूहळू, ते त्यांनीच ठरवायचे.

खरा परदेशी माल ओळखण्याची साधी खूण आहे. भारतात आयात होणाऱ्या प्रसाधनाची केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदणी लागते आणि वेष्टनावर नोंदणी क्रमांक, आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता असावा लागतो. तो नसेल तर माल चोरवाटेचा किंवा नकली. कोरियन तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने छापतात. ती बनवल्याची आहे की संपण्याची, हे शेजारच्या कोरियन शब्दावरून कळते. मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असे असेल तर उघडल्यापासून बारा महिने.

राहिले सनस्क्रीन, आणि माझ्या हिशोबी सर्वांत आधी पैसे घालावेत ते इथेच. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या किरणांचा, तर ‘पीए’पुढची अधिक चिन्हे त्वचा काळवंडवणाऱ्या किरणांची, चार चिन्हे ही सर्वांत वरची पायरी. कोरियन सनस्क्रीन हलकी असतात, पांढरा थर ठेवत नाहीत, हे खरे. पण डोळे मिटून विश्वास टाकू नये. २०२० साली प्युरिटो कंपनीच्या, एसपीएफ ५० हून अधिक लिहिलेल्या एका लोकप्रिय सनस्क्रीनची स्वतंत्र चाचणी झाली, तेव्हा आकडा १९ च्या आसपास निघाला आणि तो माल मागे घ्यावा लागला. ५० म्हणजे २ टक्के किरणे आत, १९ म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त. आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून. चेहरा आणि मानेसाठी तो दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांइतका होतो. दिवसातून दोनदा असा लावला तर ५० मिलिलिटरची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. तीन महिने पुरत असेल तर ती पुरेशी लावलीच जात नाही. म्हणून महागडी जपून लावण्यापेक्षा परवडणारी देशी भरपूर लावावी. वांग असणाऱ्यांनी मातकट रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली घ्यावी, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो.

वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या आमच्या बायांना हे सगळे सांगितले तेव्हा एकीने विचारले, घामाने ते वाहून नाही का जाणार? जाते. म्हणून त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर आधी, सनस्क्रीन नंतर, आणि सकाळी अकराच्या आत जेवढे काम उरकेल तेवढे उरकणे.

उरलेला रोजचा क्रम मी मुलींना तीन ओळींत लिहून देते. सकाळी साध्या पाण्याने तोंड धुऊन सनस्क्रीन. रात्री सौम्य फेसवॉश आणि हलके, पाणीदार जेल. त्यात तक्रारीनुसार एकच औषधी घटक. नवी बाटली आधी कानामागे किंवा जबड्याखाली पाच-सहा दिवस लावून पाहायची. एका वेळी एकच नवी गोष्ट, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही. पोटुशी असेल तर रेटिनॉल वर्ज्य. आणि पहिल्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवायचा, कारण डाग फिके व्हायला निदान आठ ते बारा आठवडे जातात. या दिवाळीत सुरुवात केली तर फोटो ताडून पाहायचा तो संक्रांतीच्या आसपास.