फाशी, स्त्रिया आणि संयुक्त राष्ट्रे

स्त्रियांची कायदेशीर समानता आणि फाशीबंदी ही पाश्चात्त्यांनी इतरांच्या गळ्यात मारलेली मूल्यं आहेत, असं भलेभले मानतात. प्रत्यक्षात अमेरिकेने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या १९७९च्या करारावर १९८०मध्ये सही केली, पण आजतागायत त्याला मंजुरी दिलेली नाही. फाशी स्थगित ठेवण्याचा ठराव २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा अमेरिका, चीन, इराण आणि भारत, चौघांनीही विरोधात मत दिलं. ठराव मांडणाऱ्यांत ब्राझील, मेक्सिको, फिलिपिन्स, अंगोला, गॅबॉन होते. विरोधकांनी आमसभेच्या समितीत अनेक दुरुस्त्या आणल्या, अगदी गर्भपाताचा विषयही मध्ये ओढला. तरी ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर झाला.

अशा ठरावाने कोणत्याही देशाचे हात बांधले जात नाहीत. तो फाशी रद्द करा असा हुकूम सोडत नाही, स्थगितीचं आवाहन करतो.

मग हे सगळं कागदावरच राहतं, हा पुढचा गैरसमज. भारताने १९९३मध्ये स्त्रियांविषयीच्या कराराला मंजुरी दिली, तीही हातचं राखून: कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, असं जाहीर करून. तरीही तो करार कामी आला. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर (गावपातळीवरच्या सरकारी महिला कार्यकर्तीवर) १९९२मध्ये सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७मध्ये सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने याच कराराचा आधार घेऊन 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा व्हायला २०१३ उजाडलं; तोवरची सोळा वर्षं नोकरदार बाईच्या हाती तीच तत्त्वं होती.

बलात्काराला फाशी हवी, ही स्त्रियांचीच मागणी आहे, हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष हेच न्यायमूर्ती वर्मा होते. जनक्षोभ शिगेला पोचलेला असतानाही समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. अनेक महिला संघटनांचंही तेच म्हणणं होतं: जरब शिक्षेच्या क्रौर्याने बसत नाही, शिक्षा नक्की होईल या खात्रीने बसते. हे म्हणणं सरकारांनी ऐकलं नाही, याचं वाईट वाटतं. केंद्राने काही प्रकरणांत फाशी आणलीच. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२१मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकातही ती होती.

डिसेंबर २०२४मध्ये आमसभेत पुन्हा आलेल्या स्थगितीच्या ठरावाला १३० देशांनी पाठिंबा दिला; भारत विरोधातच राहिला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला झिम्बाब्वेने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली. त्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष एमर्सन म्नांगाग्वा यांना १९६०च्या दशकात गोऱ्या राजवटीने फाशीच सुनावली होती.