क्रूझर मोटारसायकल : डोळ्यांत भरते, पाठीला का खुपते?

पुणे : एखाद्या ॲव्हेंजर मालकाला गाडी कशी आहे असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘आरामखुर्ची’ या एका शब्दात मिळते. तोच प्रश्न तीच गाडी चालवणाऱ्या दुसऱ्याला विचारला, तर दोन तासांत कंबर धरते, असे ऐकावे लागते. लाखाच्या वर रक्कम मोजण्याच्या तयारीत असलेला ग्राहक अशा वेळी गोंधळून जातो. वास्तविक दोघेही खरे बोलत असतात. क्रूझर मोटारसायकलीची जी ठेवण डोळ्यांत भरते, तीच काही रस्त्यांवर मणक्याच्या मुळावर येते.

भारतीय रस्त्यांवर परवडणाऱ्या किमतीत ही ठेवण रुजवण्याचे बरेचसे श्रेय आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे जाते. २००१ मध्ये कावासाकीच्या सहकार्याने ‘एलिमिनेटर’ बाजारात आली. पण ती महाग होती. २००५ मध्ये त्याच बांध्यात पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवून ‘ॲव्हेंजर’ अवतरली आणि गणित बदलले. पुढे इंजिन २०० आणि मग २२० सीसीपर्यंत वाढले. २०१५ मध्ये क्रोमने लखलखणारी ‘क्रूझ’ आणि काळ्या रंगातली ‘स्ट्रीट’ अशा दोन वाटा झाल्या. मूळ आकृती मात्र फारशी हलली नाही. ‘इतक्या वर्षांत रूप तेच’ ही काही मालकांची तक्रार आहे, तर ‘रूप बदलले नाही म्हणूनच घेतली’ हे इतरांचे समर्थन आहे.

या रूपाचे मूळ अमेरिकेत आहे. सरळ, रुंद आणि मैलोन्‌मैल वळण नसलेल्या महामार्गांवर हार्ले-डेव्हिडसनसारख्या कंपन्यांच्या गाड्यांनी ते घडवले. बैठक जमिनीलगत, पाय पुढे पसरलेले, हँडल उंच व स्वाराकडे वळलेले, पुढचा फोर्क तिरपा, मागचे चाक लहान पण जाड. ‘ॲव्हेंजर क्रूझ २२०’च्या आसनाची उंची ७३७ मिलीमीटर आहे, तर पल्सर २२० ची ७९५. दोन चाकांमधील अंतर अनुक्रमे १४९० आणि १३५० मिलीमीटर. गाडी लांब आणि बुटकी दिसते ती या आकड्यांमुळे. उंचीने कमी असलेल्या स्वारांना, त्यात अनेक स्त्रियाही आल्या, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. सिग्नलला थांबताना १६३ किलो वजनाची भीती वाटत नाही. मालकांच्या अभिप्रायांत या गुणाचा उल्लेख क्वचितच चुकतो, आणि तो योग्यच आहे.

अडचण सुरू होते ती खड्ड्यापाशी. साध्या मोटारसायकलीवर फूटरेस्ट स्वाराच्या शरीराखाली असतात. गतिरोधक दिसला की तो नकळत पायांवर भार घेऊन आसनावरून किंचित उचलला जातो. गुडघे स्प्रिंगचे काम करतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने असे उठता येत नाही. हातांवरही भार नसतो. परिणामी शरीराचे जवळपास सारे वजन माकडहाडाच्या आसपास एकवटते, ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि धक्का थेट मणक्यात चढतो. त्यात आसन खाली आणायचे म्हणजे मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला हालचालीसाठी जागा कमी उरते. गुळगुळीत रस्त्यावर ही उणीव कळतही नाही. पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या चांगल्या पट्ट्यात ज्याने दिवस काढला तो आरामखुर्चीचे गुण गाईल. पावसाळ्यात उखडलेल्या जिल्हा मार्गावरून रोज नोकरीला जाणारा वेगळेच सांगेल.

शरीरयष्टीचाही संबंध येतो. उंच माणसाला पाय मोकळे पसरता येतात आणि तो खूश असतो. बुटक्या स्वाराला जमीन सहज गवसते; परंतु पूर्ण वळण घेताना रुंद हँडलची बाहेरची मूठ हातापासून दूर जाते आणि त्याला पुढे वाकावे लागते. लांब गाडी व तिरपा फोर्क यांमुळे वेगात ती रेघ धरून चालते, मात्र अरुंद गल्लीत यू टर्न घेताना एकदा पाय टेकवून मागे ढकलावी लागते. छाती वाऱ्याला सामोरी असल्याने ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वारा अंगाला मागे रेटू लागतो. क्रूझवरची काच दिखाऊ आहे असे मानणाऱ्यांनी ती काढून एकदा लांब पल्ला गाठून पाहावा.

रॉयल एनफील्डने २०२० मध्ये आणलेल्या ‘मिटिऑर ३५०’च्या मालकांचे म्हणणे या संदर्भात तपासण्याजोगे आहे. त्यांची सर्वांत मोठी पसंती इंजिनाच्या शांतपणाला आहे. नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आल्याने कंपनीच्या जुन्या गाड्यांची ओळख असलेला हादरा बराच ओसरला. आसनाची उंची ७६५ मिलीमीटर, म्हणजे ॲव्हेंजरपेक्षा थोडी अधिक. पण मागचे शॉक ॲब्सॉर्बर कडक असल्याची आणि १९१ किलोची गाडी पार्किंगमध्ये ढकलताना दमछाक होत असल्याची तक्रार इथेही आहेच. निर्माता बदलला तरी शरीरशास्त्र बदलत नाही.

दिसण्याची किंमत देखभालीतही मोजावी लागते. कोकण किनारपट्टी आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत क्रोमवर ठिपके पडतात. पावसाळ्यात गाडी नियमित पुसून कोरडी ठेवली नाही तर ते वाढत जातात. ॲव्हेंजर क्रूझची तारांची चाके जुन्या वळणाची शोभा देतात, मात्र त्यांत ट्यूब असल्याने महामार्गावर पंक्चर झाले की चाक खोलण्यावाचून पर्याय नसतो.

दुखण्यावर मालकांनी आपापले उपाय शोधले आहेत. आसनाचा फोम बदलून घेणे हा त्यांतला सर्वांत सोपा. अतिमऊ फोम पहिल्या तासाला सुखावतो आणि नंतर दबून बसतो. म्हणून लांबच्या प्रवासाला थोडा घट्ट फोम बरा. हँडल बदलायचे तर क्लच केबल व ब्रेकच्या नळीची लांबीही पाहावी लागते. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.

खरेदीपूर्वीची चाचणी बहुतेकदा शोरूमच्या आसपासच्या डांबरी रस्त्यावर पाच-दहा मिनिटांत उरकली जाते. तेवढ्यात पाठीला काहीच कळत नाही. ओळखीच्या मालकाकडून गाडी मागून ती नेहमीच्या रस्त्यावर किमान तासभर चालवावी आणि घरातले जे कोणी मागे बसणार असेल त्यालाही सोबत न्यावे. पाठीला टेकण्याची सोय असली, तरी मागच्या चाकाच्या जवळपास वर बसणाऱ्याला खड्डा पुढच्या स्वारापेक्षा अधिक जाणवतो, आणि त्याचे मत घरी परतल्यावरच ऐकू येते.